उझी माशी आणि तिचे सोयरे

सोलापूरचे नाव निघाले म्हणजे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मालदांडी ज्वारीची शेते, उजनीच्या पाण्यावरचा ऊस, डाळिंबाच्या बागा आणि चादरींचे माग हीच चित्रे उभी राहतात. रेशीम हा शब्द त्या चित्रांत सहसा येत नाही. तथापि गेल्या काही वर्षांत ह्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात तुतीची लागवड ठिकठिकाणी दिसू लागली आहे, आणि त्याला कारणही तसेच आहे. येथे वर्षाकाठी पडणारा पाऊस सरासरीने साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही बेभरवशाचा. उसाच्या मानाने तुतीला पाणी पुष्कळच कमी लागते. एकदा लावलेली तुती दहा-पंधरा वर्षे पाला देत राहते. आणि त्या पाल्यावर पोसलेल्या किड्यांचे कोष वर्षातून चार-पाच वेळा रोख पैसा हाती आणून देतात. १९९७ साली नागपूर येथे राज्याचे रेशीम संचालनालय स्थापन झाले. पूर्वी कोष विकण्यास कर्नाटकातील रामनगरपर्यंत जावे लागे, तेथे २०१८ साली जालना येथेही बाजारपेठ उघडली. तेव्हा ज्या घरात दोन पिढ्यांपूर्वी रेशीम म्हणजे लग्नातला शालू एवढाच अर्थ होता, त्या घराच्या मागल्या अंगास आज रेशीमकिड्यांचे संगोपनगृह उभे असलेले आढळल्यास नवल नाही.

ह्या संगोपनगृहात एक चोर शिरतो. त्याचीच ही कथा आहे. मात्र हाच चोर, किंवा त्याचा अगदी सख्खा भाऊबंद, शेजारच्या मक्याच्या शेतात पहारेकऱ्याचे काम करीत असतो, आणि म्हणून ही कथा वाटते तितकी सरळ नाही.

रेशमाचा किडा मनुष्याने हजारो वर्षे पाळून इतका परावलंबी करून सोडला आहे की, रानात मोकळा सोडल्यास त्याचा निभाव लागणे कठीण. त्याच्या पतंगाला पंख असून उडता येत नाही, आणि अळीला पुढ्यातल्या पाल्यापलीकडे जाण्याची हौस नसते. अंड्यातून निघालेली ही अळी चार वेळा कात टाकते आणि सुमारे पंचवीस दिवसांत तिचे वजन दहा हजार पटींच्या घरात वाढते. शेवटच्या, म्हणजे पाचव्या, अवस्थेचे सात-आठ दिवस हे तिच्या खादाडपणाचे दिवस होत. आयुष्यात जेवढा पाला ती खाते त्यातला बहुतेक ह्याच दिवसांत फस्त होतो, आणि त्या वेळी संगोपनगृहात उभे राहिल्यास पानांवर पावसाची रिपरिप चालावी तसा आवाज ऐकू येतो. मग ती खाणे सोडून चंद्रिकेवर चढते आणि स्वतःभोवती अखंड तंतूचे घर विणते. चांगल्या दुबार जातीच्या कोषातला तंतू हजार मीटरपर्यंत लांब भरतो. सर्व धंद्याचे मोल ह्या 'अखंड' शब्दात आहे. कोष गरम पाण्यात भिजवून तंतूचे टोक सापडले की तो उलगडत जातो; मध्ये कोठे तुटला, की पुन्हा टोक शोधावे लागते.

शेतकऱ्याने १०० अंडीपुंज आणले म्हणजे त्याच्या घरात चाळीस ते पन्नास हजार अळ्या आल्या, आणि सर्व नीट पार पडले तर त्यांपासून साठ-सत्तर किलो कोष मिळावयाचे. परंतु कोष काढणीच्या दिवशी त्यातल्या काही कोषांच्या टोकाशी कोणी सुईने टोचून मग बोट फिरवावे तसे एक वाटोळे छिद्र दिसते. कोष हलका लागतो. असा कोष उलगडत नाही, कारण त्या एका छिद्रापाशी तंतूचे पदर जागोजाग तुटलेले असतात. काही अळ्या तर कोषापर्यंत पोहोचतच नाहीत. पाचव्या अवस्थेच्या मध्यावरच त्या मलूल होतात, आणि त्यांच्या अंगावर एक-दोन काळे ठिपके दिसतात. हे उझी माशीचे लक्षण होय. काळजी न घेतल्यास शेकडा दहा ते वीस कोष तिच्या पदरी पडतात. साठ किलोंत सहा किंवा बारा किलोंचा घाटा म्हणजे नफ्याच्याच रकमेला कात्री, कारण पाला, मजुरी व अंडीपुंज यांचा खर्च तर आधीच होऊन गेलेला असतो.

ही माशी दिसावयास घरमाशीसारखीच, पण अंगाने बरीच मोठी. मादी एक सेंटिमीटरच्या जवळपास आणि नर तिच्याहून थोडा मोठा. रंग करडा-काळसर, छातीवर चार काळ्या उभ्या रेघा आणि सर्वांगावर राठ केस. 'उझी' हे नाव जपानीतून आले आहे. जपानी भाषेत 'उजी' म्हणजे माशीची अळी. शास्त्रीय नावात १८८० सालच्या 'बॉम्बिसिस' ह्या पदाने ती ओळखली जाते. त्याहूनही जुने 'सॉर्बिलान्स' हे पद जिला आहे ती माशी व ही माशी एकमेकींशी इतक्या मिळत्याजुळत्या आहेत की, कित्येक वर्षे दोन्ही नावे एकाच माशीला लावली जात होती. दोघींचे कूळ टॅकिनिड. ह्या कुळात आजवर आठ हजारांहून अधिक जातींचे वर्णन झाले आहे, आणि त्या सर्व जातींचा धर्म एकच: आपले बालपण दुसऱ्या कीटकाच्या देहात काढावयाचे व तो देह रिकामा करून बाहेर पडावयाचे.

येथे एक भेद ध्यानात घेणे अवश्य आहे. ऊ, गोचीड किंवा जंत हेही परोपजीवी. पण ते ज्याचे रक्त पितात त्याला मारून टाकण्यात त्यांचा लाभ नसतो, कारण यजमान गेला की पंगतही उठली. टॅकिनिड माशीची अळी तशी नव्हे. तिचा यजमान मरणार हे ठरलेलेच असते. फक्त वेळेआधी मरता कामा नये, एवढीच तिची काळजी. म्हणून ती प्रथम त्याच्या अंगातली चरबी खाते आणि जीवनास आवश्यक अशी इंद्रिये शेवटपर्यंत राखते. भटजी जेवून उठेपर्यंत यजमानाने चूल विझवू नये, असाच हा हिशेब.

उझीची मादी संगोपनगृहात शिरली की अळ्यांच्या अंगावर एकेक, क्वचित दोन, अशी अंडी चिकटवीत जाते. एक मादी आपल्या दोन-अडीच आठवड्यांच्या आयुष्यात तीनशेपर्यंत अंडी घालू शकते, म्हणजे एकच माशी घरात राहिली तरी शेकडो कोषांची वाट लागू शकते. अंडे टाचणीच्या डोक्याएवढे, पांढुरके. दोन-तीन दिवसांत ते फुटते आणि आतली अळी थेट यजमानाची कातडी भेदून शरीरात उतरते. मात्र अंडे फुटण्यापूर्वीच रेशीमकिड्याने कात टाकली, तर कातीबरोबर अंडेही गळून पडते व किडा वाचतो. माशीलाही जणू हे ठाऊक असावे, कारण तिचा जोर शेवटची कात टाकून झालेल्या मोठ्या अळ्यांवर असतो.

आत गेल्यावर श्वास कसा घ्यावा, हा प्रश्न उरतो. ह्या प्रश्नाचे उत्तर सबंध विषयातले सर्वांत विलक्षण आहे. कीटकाच्या देहात परका पदार्थ शिरला की त्याच्या रक्तातल्या पेशी त्याभोवती जमून भिंत घालतात व त्याला कोंडून मारतात. ही त्याची नैसर्गिक संरक्षणव्यवस्था. टॅकिनिडची अळी ह्या भिंतीला विरोध करीत नाही. ती आपले मागचे टोक, जेथे तिची श्वासरंध्रे असतात, ते कातडीला पाडलेल्या छिद्रापाशीच ठेवते, आणि यजमानाच्या पेशी तिच्याभोवती जी भिंत घालू लागतात तिचेच एक नरसाळे होऊन बसते. त्या नरसाळ्यातून बाहेरची हवा तिला मिळत राहते. किड्याच्या अंगावर दिसणारा काळा ठिपका तो हाच. घराला शत्रूपासून राखण्यासाठी बांधलेल्या भिंतीचे शत्रूच्याच चुलीसाठी धुराडे व्हावे, त्यातलाच हा प्रकार.

आत पाच ते आठ दिवस खाऊन पोट भरले की ती बाहेर येते. किडा अजून विणावयाचा असेल तर त्याचे अंग फाडून, आणि कोष विणून झाला असेल तर कोषाच्या भिंतीला भोक पाडून. बाहेर पडताच ती अंधार शोधते. जमिनीच्या भेगा, भिंतीचा कोपरा, ट्रेखालची माती, खताच्या खड्ड्यातला कचरा, जेथे सापडेल तेथे शिरून एका दिवसाच्या आत तिचा तांबूस-काळा पिंपासारखा कोष होतो, आणि त्यातून दहा-बारा दिवसांनी नवी माशी निघते. हे सर्व चक्र तीन आठवड्यांच्या आसपास पुरे होते. आता हा काळ आणि रेशमाचे एक पीक ह्यांची सांगड घालून पाहावी. कोष काढून, घर झाडून, पुढच्या तुकडीच्या लहान अळ्या आणून त्या मोठ्या होतात न होतात तोच जमिनीच्या भेगांतून मागच्या पिकाच्या माशा बाहेर पडावयास लागतात. म्हणूनच घरात एकदा शिरलेली उझी आपोआप जात नाही. कडक उन्हाळ्यात तिचा त्रास कमी, पावसाळ्यात व हिवाळ्यात अधिक. आणि दुर्दैवाने सोलापूरकडे उत्तम पाला मिळावयाचे दिवसही तेच.

दक्षिणेत ही माशी मूळची नव्हे. बंगालमधील रेशीम उत्पादकांना ती फार पूर्वीपासून परिचित होती, परंतु म्हैसूरच्या बाजूस तिचे नावही नव्हते. १९८० साली बेंगळूरच्या परिसरात ती प्रथम आढळली. बंगालमधून आणलेल्या बियाण्याच्या कोषांबरोबर ती आली असावी, असेच सर्वत्र मानले जाते. कोष आगगाडीने आले, त्यांच्या पोटात अळ्या होत्या, आणि त्या अळ्यांना उतरून घ्यावयास स्टेशनावर कोणी मनाई केली नाही. पुढल्या काही वर्षांत कर्नाटक, आंध्र व तमिळनाडू येथे तिने हाहाकार उडवला. म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन संस्थेत तिच्यावर जे काम झाले ते ह्या संकटातूनच. महाराष्ट्रात रेशीम वाढले तशी माशीही आलीच. अक्कलकोटपलीकडे कर्नाटकाची हद्द लागते, आणि हद्द ही माणसाने कागदावर ओढलेली रेघ असल्यामुळे माशीला ती दिसत नाही.

मनुष्याला ह्या व्यवहाराचे ज्ञान कधी झाले, हेही पाहण्यासारखे आहे. अकराव्या शतकाच्या अखेरीस चीनमधील लू दियान नामक पंडिताने, माशी रेशीमकिड्यावर अंडी घालते व त्यातून पुढे माशीच निपजते, असे नमूद करून ठेवले. युरोपात सडक्या मांसातून माशा आपोआप उत्पन्न होतात ही समजूत रेदी नामक इटालियन वैद्याने १६६८ साली प्रयोगाने खोडून काढली, हे लक्षात घेतले म्हणजे चिनी निरीक्षकाची दृष्टी किती सूक्ष्म होती ते कळते. आपल्याकडे कुंभारमाशी मातीच्या घरात अळी कोंडते व काही दिवसांनी त्या घरातून कुंभारमाशीच बाहेर पडते, हे खेडोपाडी सर्वांनी पाहिलेले होते. त्यावरून अळी भृंगीचे ध्यान करता करता भृंगीच होते, असा कीटकी-भृंगीचा दृष्टांत संतवाङ्मयात रूढ झाला. दृष्टांत म्हणून तो सुंदरच आहे. प्रत्यक्षात मात्र अळीचे रूपांतर होत नाही, ती खाल्ली जाते; भृंगी निघते ती त्या घरात आधीच घालून ठेवलेल्या अंड्यातून.

जपानात ह्याच कुळातली दुसरी एक माशी रेशीमकिड्यांचा नाश करीत असे, पण तिचे अंडे किड्याच्या अंगावर कधीच सापडेना. ते कोडे ससाकी नामक शास्त्रज्ञाने उलगडले, आणि १८८६ साली ते प्रसिद्ध केले. ती माशी आपली अतिसूक्ष्म अंडी तुतीच्या पानावर घालते. किडा पानाबरोबर अंडे गिळतो, आणि ते त्याच्या पोटात फुटते. मालक आपल्या हाताने पाला घालतो आणि त्याच हाताने चोराला आत नेऊन बसवतो.

कुळ एकच, पण युक्त्या अशा निरनिराळ्या. अमेरिकेतील एक माशी रातकिड्यांवर पोसते, आणि रातकिडा रात्री गवतात लपलेला असल्यामुळे ती त्याला डोळ्यांनी नव्हे, कानांनी हुडकते. नर रातकिडा मादीला बोलावण्यासाठी गातो, आणि ते गाणे मादीच्या आधी माशी ऐकते. तिचे दोन कान एकमेकांपासून जेमतेम अर्ध्या मिलिमीटरवर. तरीही ध्वनीची दिशा ती इतकी अचूक ओळखते की, १९९५ च्या सुमारास तिच्या कानाची रचना उलगडल्यापासून तिच्या नमुन्यावर बारीक ध्वनिग्राहक बनवण्याचे प्रयत्न सुरू झाले. ही माशी हवाई बेटांतील काउआई येथे पोहोचली, आणि तेथे काही वर्षांतच बहुतेक नर रातकिडे मुके झाले. पंख घासून आवाज काढण्याची ज्यांची रचना जन्मतः बिघडलेली होती तेवढेच वाचले व त्यांचीच प्रजा वाढली. हा बदल सुमारे वीस पिढ्यांत झाला असे २००६ साली प्रसिद्ध झाले. सुगीच्या रात्री भीमेकाठी रातकिड्यांचा जो गजर चालतो तो ऐकणाऱ्याला ही हकीकत विचित्र वाटल्यावाचून राहणार नाही.

एवढा वेळ चोराची बाजू झाली. आता संगोपनगृहातून बाहेर पडून शेतात यावे.

सोलापूर जिल्ह्यात उसाचे क्षेत्र मोठे आणि साखर कारखानेही पुष्कळ. लागणीनंतरच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत, विशेषतः उन्हाळ्यात, उसाच्या कोवळ्या फुटव्यांना खोडकिडा लागतो. त्याची अळी जमिनीलगत भोक पाडून आत शिरते, गाभा खाते, पोंगा सुकून जातो, आणि तो ओढला असता सहज हातात येतो व त्याला घाण वास येतो. शेतकरी ह्याला पोंगेमर म्हणतात. अळी खोडाच्या आत असल्यामुळे वरून मारलेल्या औषधाचे तिच्यापुढे फारसे चालत नाही. परंतु स्टर्मिऑप्सिस नावाची एक टॅकिनिड माशी आहे. तिला त्या भोकाच्या तोंडाशी साचलेल्या विष्ठेचा वास लागतो. ती अंडी घालीत नाही. अंडी तिच्या पोटातच फुटलेली असतात, आणि ती जिवंत अळ्याच भोकाच्या तोंडाशी सोडते. ह्या अळ्या बोगद्यातून सरपटत जाऊन खोडकिड्याला गाठतात. ज्या वाटेने शत्रू आत गेला त्याच वाटेने त्याचा मृत्यूही आत जातो. ज्वारीच्या खोडातल्या किड्यालाही हीच माशी गाठते, म्हणून मालदांडीच्या शेतकऱ्यालाही तिचे ऋण मानावयास हरकत नाही. तमिळनाडूच्या कृषी विद्यापीठाने एकरी १२५ गर्भार माशा उसात सोडण्याची शिफारस केलेली आहे.

ही कल्पना उसाच्या धंद्यात जुनीच म्हणावी लागेल. हवाई बेटांत न्यू गिनीहून आलेला एक सोंडेकिडा उसाचे अतोनात नुकसान करीत असे. तेथल्या मळेवाल्यांनी म्यूर नावाच्या कीटकशास्त्रज्ञाला त्या किड्याच्या मूळ देशी त्याचा वैरी शोधावयास पाठवले. तो मलायापासून मोलुक्कापर्यंत कित्येक बेटे हिंडला, हिवतापाने व विषमज्वराने आजारी पडला, आणि अखेर न्यू गिनीत त्याला हवी असलेली टॅकिनिड माशी पुरेशा संख्येने मिळाली. मात्र आगबोटीचा प्रवास माशीच्या आयुष्याहून लांब. पाठवलेल्या माशा वाटेतच मरून जात. तेव्हा क्वीन्सलंड व फिजी येथे वाटेवरचे मुक्काम करून, पिंजऱ्यांत त्यांची एकेक पिढी वाढवीत, १९१० साली त्या हवाईत पोहोचवल्या गेल्या. पुढे त्या मळ्यांतील नुकसान पुष्कळच घटले. टपालाचे घोडे बदलावेत तशा येथे माशीच्या पिढ्या बदलल्या, आणि ह्या चिकाटीचे कौतुक केल्यावाचून राहवत नाही.

प्रत्येक वेळी मात्र असे चांगलेच घडते असे नाही. १९०६ साली अमेरिकेत जंगलाची पाने फस्त करणाऱ्या एका पतंगाचा नायनाट व्हावा म्हणून युरोपातून दुसरी एक टॅकिनिड माशी आणून सोडली गेली. ती आणणाऱ्यांनी तिच्या खाण्याच्या आवडीनिवडीची चौकशी पुरेशी केली नाही असेच म्हणावे लागते. तिला सुमारे दोनशे जातींचे कीटक चालतात. जो पतंग मारावयास ती आणली तो राहिला बाजूला, आणि त्या प्रदेशातले भव्य पंखांचे रानटी रेशीमपतंग दुर्मिळ होत गेले. २००० साली मॅसॅच्युसेट्समध्ये झालेल्या एका अभ्यासात अशा पतंगाच्या अळ्या झाडांवर मुद्दाम ठेवून पाहण्यात आल्या, तेव्हा ह्या माशीने त्यांचा बहुतेक फडशा पाडल्याचे दिसून आले. तेव्हा टॅकिनिड माशी ही मित्र की शत्रू, हे माशीवर अवलंबून नाही; तिला जी अळी सापडली ती कोणाची, ह्यावर अवलंबून आहे.

सोलापुरात हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही. २०१८ साली अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम कर्नाटकात आढळली, आणि त्याच वर्षी ती सोलापूर जिल्ह्यातल्या मक्यावर येऊन पोहोचली. मक्याच्या पोंग्यात बसून ती पाने चाळणीसारखी करते. जनावरांच्या वैरणीवर व दुधाच्या धंद्यावर त्याचा परिणाम होतो. दक्षिण भारतात ह्या अळीचे नैसर्गिक शत्रू कोण, ह्याचा शोध घेतला असता २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या यादीत अनेक गांधीलवर्गी कीटकांबरोबर एक टॅकिनिड माशी निघाली, आणि ती म्हणजे 'सॉर्बिलान्स', अर्थात ज्या नावाने उझी माशी कित्येक वर्षे ओळखली जात होती तेच नाव धारण करणारी तिची सोयरी. तुरीवर व हरभऱ्यावर पडणाऱ्या घाटे अळीलाही ह्याच कुळातल्या इतर माशा गाठतात.

आता एकाच बांधाच्या दोन बाजूंना दोन शेतकरी कल्पावेत. एकाचा मका, दुसऱ्याची तुती. मकावाल्याने अळीसाठी जहाल औषध फवारले, तर अळीबरोबर तिच्यावर जगणाऱ्या माशाही मरतात, आणि औषधातून सुटलेली अळी पुढच्या पिढीत निर्वेध वाढते. शिवाय वाऱ्याबरोबर त्या औषधाचा तुषार तुतीच्या पानावर येऊन बसला, तर ते पान खाणारा रेशीमकिडा मरतो, कारण तोही शेवटी अळीच. औषधाला पाळीव अळी व रानटी अळी ह्यांतला फरक कळत नाही. तुतीवाल्याने आपल्या घरातली उझी मारण्यासाठी औषध फवारावे म्हटले तर तेही शक्य नाही, कारण ज्या घरात माशी आहे त्याच घरात किडाही आहे. ह्यामुळेच उझीशी लढण्याचे सर्व उपाय विषावाचून चालणारे शोधावे लागले.

पहिला उपाय साधा: दार व खिडक्यांना नायलॉनची जाळी, आणि दाराला शक्य तर दुहेरी पडदा, म्हणजे पाला आणताना एक उघडे असता दुसरे मिटलेले राहील. हा एकच उपाय नेटाने केला तर बाकीचे फारसे लागत नाहीत; आणि हाच नेटाने होत नाही, कारण पाचव्या अवस्थेत पाल्याचे भारे दिवसातून तीन-चार वेळा आत न्यावे लागतात आणि घाईत पडदा उघडाच राहतो. दुसरा उपाय सापळ्याचा. खिडकीच्या उंचीवर पांढऱ्या तबकात पाणी ठेवून त्यात एक पांढरी गोळी विरघळवतात. माशी त्याकडे ओढली जाते व पाण्यात पडून मरते. तिसरा, किड्यांच्या अंगावर बेंझॉइक आम्लाचे अगदी सौम्य द्रावण फवारण्याचा, जेणेकरून किड्याला इजा न होता अंडे मरावे. कोष काढल्यावर घर झाडून भेगा बुजवाव्यात, आणि सापडलेल्या अळ्या व माशीचे कोष वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत, हे तर ओघानेच आले.

चौथा उपाय मात्र ह्या विषयाला शोभणारा आहे. माशीचा जो पिंपासारखा कोष जमिनीत पडलेला असतो, त्याला भेदून आत अंडी घालणारी एक चिमुकली गांधीलवर्गी माशी निसर्गात आहे. तिचे नाव नेसोलिंक्स. आकाराने एक-दोन मिलिमीटर. उझीपुढे ती म्हणजे म्हशीपुढे चिमणी. उझीच्या एका कोषात तिची डझनांनी पोरे वाढतात, आणि त्यांच्या वाढीच्या काळात आतली उझी संपलेली असते. दुसऱ्याच्या देहात बालपण काढणाऱ्या माशीच्या देहात आपले बालपण काढणारा हा तिसरा जीव. म्हैसूरच्या संस्थेने तो हजारोंनी वाढवण्याची पद्धत बसवली, आणि शेतकऱ्याला तो जाळीच्या पिशवीत मिळतो. अळ्या पाचव्या अवस्थेत गेल्या की पिशव्या संगोपनगृहात टांगावयाच्या. तेथे त्या रेशीमकिड्याला मुळीच त्रास देत नाहीत, कारण त्यांना हवा असतो तो फक्त माशीचा कोष. मग अळ्या चंद्रिकेवर चढल्या की पिशव्या चंद्रिकांजवळ न्यावयाच्या. आणि कोष काढून झाल्यावर त्या फेकून न देता खताच्या खड्ड्यापाशी टांगावयाच्या, कारण घर झाडल्यावर उरलेला पाला व विष्ठा ह्यांच्याबरोबर उझीच्या अळ्याही तेथेच जाऊन पडलेल्या असतात, आणि पुढल्या पिकाच्या माशा त्या खड्ड्यातूनच निघावयाच्या असतात.